सैल गाठीचं जांभूळ

कॉफीची झुडपं नंतर बघा, आधी मान वर करा. चिखलदऱ्याच्या या बागेवर सावली धरणाऱ्या झाडांत हे जांभूळ सगळ्यांत जुनं. फांदीफांदीवर जाड मुळ्यांच्या आमरी, म्हणजे ऑर्किडं, बसल्यात आणि प्रत्येकीला चिंधी बांधलेली आहे. हात लावू नका. गाठ कशी मारायची ते आधी ऐका.

फार पूर्वी सुकराय नावाची कोरकू बाई इथे छाटणी करायची. सावली फार दाट झाली की कॉफी धरत नाही, म्हणून फांद्या उतरवतात. त्यांच्यासोबत आमरीही खाली यायच्या. सुकरायची लेक चिरोंजी त्या वेचून आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी या जांभळाला बांधायची. आमरी झाडाचं काही खात नाही, सालीवरचं दव आणि कुजका पाचोळा तिला पुरतो, हे त्या पोरीला कळलं होतं. नवव्या वर्षी ती तापानं गेली. सुकराय मग रोज जांभळापाशी येऊन बसायची. लेकीचं म्हणून तिच्याजवळ एवढंच उरलं होतं.

पुढे वेचणीच्या हंगामात उकर्डा नावाचा नवा मुकादम आला. बांडगूळ झाड वाळवतं, एवढं त्याला ठाऊक. आमरीलाही तो बांडगूळच समजला आणि सगळी झाडं तासायचा हुकूम सोडला.

सुकराय म्हणाली, "मुकादम, हे बांडगूय नोय. माह्या पोरीनं बांधलं हाये. एवढं एक झाड ठेवा."

बाईनं आपल्याला शिकवावं याचाच त्याला राग आला. तो स्वतः कोयता घेऊन चढला.

असे सांगतात, की पहिली मुळी सुटली तसं वरून कुणी कण्हलं. केसांच्या गुंत्यातून फणी ओढली की पोर कण्हते, तसं. मुकादमानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या दिवसापासून भर दुपारी झाडाखाली ते कण्हणं ऐकू येऊ लागलं. बायका तिकडे फिरकेनात, पिकलेली फळं झुडपांवरच काळी पडली. मग मुकादमाच्या घरी त्याच्या लेकीची वेणी घालतानाही तोच आवाज यायला लागला, म्हणे. तेव्हा मात्र त्याची पाचावर धारण बसली.

त्यानं पाचोळ्यातून आमरी गोळा केल्या, आपला फेटा फाडला आणि एकेक परत बांधली, करकचून. कण्हणं वाढलंच. खाली सुकराय उभी होती.

"गाठ सैल करा, भाऊ," ती म्हणाली. "तिले घट्ट वेणी सोसत नव्हती."

त्यानं रडत रडत सगळ्या गाठी सैल केल्या. झाड गप्प झालं. सुकरायनं खोडाला कान लावला आणि तशीच बसून राहिली. लेकीचा आवाज इतक्या दिवसांनी आला होता आणि तो तिनंच थांबवला होता.

आजही छाटणीत पडलेली आमरी आम्ही फेकत नाही, इथे आणून सैल बांधतो. ज्येष्ठात फुलांच्या वेण्या लोंबतात. ज्या बाईचं लेकरू गेलंय, ती कधी एखादी गाठ मुद्दाम आवळते आणि खाली बसून राहते. तिला कुणी काही बोलत नाही. माझ्या बायकोनंही एकदा आवळली होती. संध्याकाळी मीच चढून सैल केली.