पहिला मान हिरव्या पानांना

एका जंगलात एक राज्य होतं, आणि राज्य म्हटलं की राजा लागतोच, म्हणून एक राजाही होता. राजा वाघ होता. नाव पट्टेराव महाराज. दर पाच वर्षांनी तिथे निवडणूक व्हायची आणि महाराज लोकशाहीला फार मानत असल्यामुळे विरोधी उमेदवाराला प्रचाराआधी आवर्जून जेवायला बोलवायचे. जेवण आटोपलं की उमेदवार एकच उरायचा, आणि तो बहुमतानं निवडून यायचा.

जंगलाच्या मधोमध नदी वाहायची. अलीकडे महाराजांची गुहा, कचेऱ्या आणि भरपूर माती. गवत सगळं पलीकडे. चैत्र लागला की अलीकडचं उरलंसुरलं गवत करपायचं आणि चितळांना नदी पोहून जावं लागायचं. नदीत मगरी होत्या. मगरी मतदारही होत्या, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाईट बोलायची पद्धत नव्हती. गेल्या साली ठिपकी नावाच्या चितळीचं पाडस नदीत गेलं. सरकारी नोंदीत ते 'स्थलांतरित' असं लागलं.

तर यंदा माघ महिन्यात महाराजांनी मोठी सभा घेतली आणि सांगितलं, "बंधूंनो, भगिनींनो, आम्ही पूल देऊ. चैत्राच्या पहिल्या सकाळी तुम्ही पुलावरून चालत जाल. तारीख आम्ही ठरवलेली आहे, आता फक्त पूल बांधायचा राहिलाय." जंगलानं महाराजांना डोक्यावर घेतलं. "इकडून तिकडे, पट्टेराव गडे" अशी घोषणाही कुणीतरी तयार ठेवली होती.

काम बघायला कुणीतरी हवं होतं. दरबारातले सगळे आकाशाकडे बघायला लागले. शेवटी नेमणूक झाली बनुबाई सायाळीची. ही बाई कामाची होती, बोलायला फटकळ होती, आणि तिच्या पाठीवर काटे असल्यामुळे शाबासकी द्यायला कुणाला तिच्या पाठीवर हात ठेवावा लागणार नव्हता. बनुबाईनं नेमणुकीचं पान हातात घेतलं, आणि तिला पहिल्यांदा आठवली ती ठिपकी. ठिपकीला यंदा पुन्हा पाडस झालं होतं. जेमतेम उभं राहायला शिकलेलं. बनुबाईनं होकार दिला.

पहिल्याच दिवशी ती नदीवर गेली आणि वानरांच्या मुकादमाला, झिपरूला, विचारलं की बांबू तोडून, वेली वळून पूल बांधायला किती दिवस लागतील. झिपरू म्हणाला, होईल की. आता 'होईल' हा काही आकडा नव्हे, हे बनुबाईला आयुष्यानं शिकवलं होतं. ती तिथेच बसली. बांबू कोण तोडणार, वाहून कोण आणणार, वेली ओल्या वळायच्या की सुक्या, एका दिवसात किती हात पूल पुढे सरकतो, आणि कशामुळे घोडं अडू शकतं, असं एकेक विचारत बसली. संध्याकाळपर्यंत झिपरूचं डोकं उठलं, पण हिशेब लागला. पूल चैत्र संपता संपता होणार. पहिल्या सकाळी नाही.

हे तिनं प्रधानांना जाऊन सांगितलं. प्रधान होते तरस, हसमुखराव. ते ऐकून हसले. ते तसे कशालाही हसायचे. म्हणाले, "बनुबाई, एवढंच ना? मग आणखी चाळीस वानरं घ्या." चाळीस वानरं आली. त्यांना वेल कशी वळतात तेच ठाऊक नव्हतं, म्हणून जुनी वानरं काम सोडून त्यांना शिकवत बसली. आठ दिवस पूल वीतभरही हलला नाही. नवव्या दिवशी हसमुखरावांनी विचारलं, आणखी चाळीस पाठवू का? बनुबाईनं त्यांच्यापुढे दोन्ही पाय जोडले.

मग आला करकोचा. हा परदेशी सल्लागार. हिवाळ्यात यायचा, सल्ला द्यायचा आणि ऊन तापलं की आपल्या देशात निघून जायचा, त्यामुळे त्याचा सल्ला कधी चुकला असं कुणाला सिद्ध करता आलं नव्हतं. त्यानं सांगितलं की रोज सकाळी सगळ्यांनी एका पायावर उभं राहून सभा घ्यायची, म्हणजे सभा लवकर संपते. करकोच्याची संपायची नाही, कारण तो एका पायावर झोपायचासुद्धा. रानगवे मात्र तिसऱ्या वाक्याला धाडकन आडवे व्हायचे.

पण त्याची एक गोष्ट बनुबाईला खरंच पटली. ती म्हणजे पानांची. सभेनंतर प्रत्येक टोळीनं एक पान वर पाठवायचं. काम ठीक असेल तर हिरवं, रखडलं तर पिवळं, पार अडलं तर लाल. राजाला बोलायला सवड नसली तरी एका नजरेत कळावं की राज्यात कुठे काय चाललंय. साधी, सुंदर पद्धत. बनुबाईनं ती मनापासून राबवली, आणि तिथेच ती फसली.

कारण मधेच दरबारातून मागण्या सुरू झाल्या. महाराजांना पुलावरून जनतेला हात हलवायला सज्जा हवा होता. सज्जाला छप्पर हवं होतं. छपरावर वाघाचं तोंड हवं होतं, आणि त्या तोंडातून कारंजं उडावं अशीही एक सूचना आली. बनुबाईनं बांबू मोजून कळवलं की एक सज्जा म्हणजे पुलाचे बारा हात कमी, दोन्हीपैकी एक काय ते ठरवा. हसमुखरावांनी उत्तर पाठवलं की महाराजांनी फार विचार करून दोन्ही ठरवलंय.

सज्जा झकास झाला. पूल दोन्ही काठांकडून पुढे आला आणि मधे बारा हातांची मोकळी जागा राहिली. बांबू संपले. बांबूचं पुढचं बेट तोडून आणायला तीन आठवडे लागणार होते, आणि चैत्र आला होता दहा दिवसांवर. झिपरूनं लाल पान पाठवलं.

ते पान आधी बांधकाममंत्र्यांकडे गेलं. बांधकाममंत्री होते गवाजीराव, स्वभावानं गरीब गवा. त्यांना वाटलं, लाल म्हणजे जरा अंगावर आल्यासारखं होतंय. त्यांनी पिवळं पाठवलं. हसमुखरावांना वाटलं, सकाळी सकाळी महाराजांना पिवळं काय दाखवायचं, काम चालू तर आहे. त्यांनी हिरवं पाठवलं. कुणीच खोटं बोललं नाही. प्रत्येकानं एकच रंग बदलला. महाराजांच्या गुहेत हिरव्यागार पानांचा हा एवढा ढीग झाला आणि महाराज दुपारी त्यावर लोळायला लागले.

बनुबाईच्या हे ध्यानात आलं तेव्हा ती रोजची तीन-तीन लाल पानं पाठवू लागली. त्यावर फर्मान निघालं की लाल पानांमुळे प्रजेत घबराट पसरते, सबब लाल रंगाला बंदी. फाल्गुन होता. नदीकाठचा पळस नेमका पेटल्यासारखा फुलला होता. त्याला कारणे दाखवा नोटीस गेली.

शेवटचा उपाय म्हणून बनुबाई महाराजांना भेटायला गेली. वेळ मिळाली दोन मिनिटं. महाराज हिरव्या ढिगावर पहुडले होते, शेजारी हसमुखराव हसत उभे. बनुबाई म्हणाली, महाराज, पुलाला मधे बारा हातांचं भोक आहे. महाराजांनी पंजा उचलून ढीग दाखवला आणि हसमुखरावांकडे पाहिलं. हसमुखराव म्हणाले, बाई रात्रंदिवस राबतात, थकल्यात बिचाऱ्या. दोन मिनिटं संपली.

बाहेर आल्यावर हसमुखराव तिला बाजूला घेऊन म्हणाले, "बनुबाई, लोकांना पूल दिसला पाहिजे. तो दिसतोय. मधल्या जागेवर आपण गवताची छान चटई अंथरतोय. महाराज अलीकडच्या सज्जातून हात हलवतील आणि परत येतील. त्यांना काही धोका नाही."

"आणि त्यांच्यामागून चितळं जाणार, त्यांचं काय?"

"चितळं काय, दरवर्षी पोहूनच जातात की," हसमुखराव म्हणाले, आणि हसले.

बनुबाईच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. ती घरी आली, अंगणात बसली आणि खरं सांगायचं तर रडली. रडून झाल्यावर तिनं विचार केला. पूल आता आठ दिवसांत होणार नाही. पान वर पोचणार नाही. आपल्या हातात उरलंय काय? उरला होता समारंभाचा कार्यक्रम. तो तिनंच लिहायचा होता. असली किरकोळ कामं कुणी मोठं करत नाही, म्हणून ती तिच्याकडे होती.

तिनं कार्यक्रम लिहिला. स्वागत, स्तुती, वेल कापणे, हात हलवणे. आणि पाचव्या क्रमांकावर लिहिलं: 'ज्यांच्या हिरव्या पानांमुळे हा पूल उभा राहिला, त्या मान्यवरांना पहिला मान. प्रजेच्या आधी ते या काठावरून त्या काठापर्यंत चालत जातील.' महाराज वाचून इतके खूश झाले की पंजा उमटवून वर त्यांनीच भर घातली: 'सर्वांत पुढे आमचे लाडके प्रधान.'

चैत्राची पहिली सकाळ उजाडली. अवघं जंगल काठावर लोटलं होतं. ठिपकी पाडसाला पोटाशी धरून पुढेच उभी होती, कारण तिला बिचारीला पूल अगदी जवळून बघायचा होता. खाली पाण्यात मगरीही सहकुटुंब आल्या होत्या. महाराज सज्जात गेले, हात हलवून आले. मग पाचवा क्रमांक वाचला गेला.

हसमुखराव हसतच पुढे झाले, आणि कार्यक्रम नीट ऐकू आल्यावर तिथेच थबकले. मग त्यांनी भाषणाचा सूर लावला. आपण पडलो सेवक, आपल्याला कसला मान, आधी जनता, मग आपण, असं त्यांनी गहिवरून सांगितलं. टाळ्या पडल्या. ठिपकीलाही गहिवर आला. आधी जनता म्हणतात तर जावं, म्हणून ती साधी बाई पाडसाला घेऊन पुलावर चढली.

बनुबाई धावली. काटे फुलवून पुलावर आडवी उभी राहिली. ठिपकी बावरली आणि जागच्या जागी थांबली.

"महाराज," बनुबाई म्हणाली, "मान तुम्ही दिलाय, त्यावर तुमचा पंजा आहे. प्रधानजींना आधी जाऊ द्या."

आता महाराजांचा शब्द म्हणजे शब्द. तो मोडतोय म्हटल्यावर त्यांच्या मिश्या थरथरल्या. "हसमुखराव, चला," ते म्हणाले.

हसमुखरावांनी एक पाय पुढे टाकला. दुसरा टाकला. चटईच्या कडेला आले तशी खालून एका मगरीनं आदरानं वर पाहिलं. हसमुखरावांची पाचावर धारण बसली. त्यांनी हळूच बाजूच्या वेलीचं एक पिवळं पान तोडलं आणि महाराजांना दाखवलं. मागे गवाजीरावांनी ते पाहिलं आणि त्यांना एकदम मोकळं वाटलं. ते धावत जाऊन पळसाची एक फांदीच घेऊन आले, फुलांसकट.

महाराज त्या लालभडक फांदीकडे बघत राहिले. मग कारकिर्दीत पहिल्यांदा त्यांनी सरळ प्रश्न विचारला. "पूल झालाय की नाही?"

"झालाय महाराज," हसमुखराव म्हणाले. "फक्त मधला सोडून."

अख्खा काठ हसायला लागला. हसमुखराव तेवढे हसत नव्हते. बनुबाईनं चटई ओढून काढली, आणि ठिपकीनं खाली पाहिलं. पाणी, आणि पाण्यात मगरी. ती पाडसाला चाटत सुटली. बनुबाईला तेवढं पुरलं.

पण महाराजांचा चेहरा काळवंडत चालला होता, आणि वाघाला लाज वाटली की तो ती कुणाच्या तरी नरड्यावर काढतो, हे बनुबाईला माहीत होतं. कामही अजून व्हायचं होतं. ती पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "महाराज, हा पहिला टप्पा समजा. सज्जा उतरवून त्याचे बांबू दिलेत तर वेली वळण्या-बांधण्यासकट दुसरा टप्पा एकवीस दिवसांत देते."

महाराज प्रजेकडे वळले. "बंधूंनो, भगिनींनो," ते गरजले, "असा अर्धा पूल आजवर कुठल्या राजानं बांधला होता का?" नव्हता, हे कुणालाही मान्य करावं लागलं. "अर्धा दिला, पुरा देऊ" ही घोषणा तिथल्या तिथे तयार झाली. हसमुखरावांना सांगण्यात आलं की पहिला टप्पा त्यांच्याच काळात पार पडल्यामुळे त्यांची बढती होत आहे. बनुबाईला सांगण्यात आलं की पळसाची नोटीस मागे घेतली आहे.

सज्जा उतरला. वानरांनी कामाला हात घातला. तोवर चितळांनी काय खायचं, हा प्रश्न होताच, तो बनुबाईनं महाराजांच्या गुहेतला पानांचा ढीग उचलून सोडवला. खालची पानं वाळली होती, पण वरची चांगली लुसलुशीत होती. त्या कारभारात हिरव्या पानांनी कुणाचं पोट भरलं, असं पहिल्यांदाच झालं.

पूल पुरा व्हायला तेवीस दिवस लागले. एकविसाव्या दिवशी बनुबाईनं स्वतःच्या हातानं पिवळं पान लावलं आणि ते कुणी बदलू नये म्हणून त्याच्याशेजारी बसून राहिली. चैत्राच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे माघात तिनं सांगितलं होतं तेव्हाच, ठिपकी पाडसाला घेऊन पुलावरून चालत गेली. पाडस मधोमध थांबलं आणि खाली बघून शिंकलं. पलीकडे पोचल्यावर ठिपकीनं मागे वळून मान हलवली. बनुबाईनं डोळे पुसले आणि झिपरूला म्हणाली, चला, वेली एकदा तपासून घेऊ.

त्या दिवशी पुलावर दरबारातलं कुणी आलं नव्हतं. उद्घाटन तर आधीच होऊन गेलं होतं, आणि महाराज वरच्या घाटावर दुसऱ्या पुलाची तारीख जाहीर करत होते.