न फुटलेला कातळ

कोकणच्या किनाऱ्यावर माणसाचं पाऊल पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. धरतीच्या भेगांतून उसळलेला तप्त रस थिजून काळा कातळ झाला. वरच्या अंगाचा दगड युगानुयुगे पावसात झिजून तांबडा, मऊ जांभा बनला. कातळ मात्र लाटा झेलत तसाच उभा राहिला, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

मग होडीतून गोमी कोळीण आणि तिची माणसं आली. त्यांनी जांभ्याचे चिरे काढून घरं बांधली.

"तुला तोडलं, तरी तू गप्प?" कातळाने विचारलं.

"माझ्या आडोशाला आता चुली पेटतात," जांभा म्हणाला.

कातळाला पहिल्यांदाच एकटं वाटलं. "बाई, मलाही घे," त्याने गोमीला विनवलं.

तिने पहार मारली, तर पहारच वाकली. "तू नाही रे फुटायचा," म्हणत ती निघून गेली.

कितीतरी पावसाळे कातळापाशी फक्त खेकडे येत राहिले. एका उधाणात होडी वाहून जाऊ लागली, तेव्हा म्हातारी गोमी धावली आणि तिने दोर कातळालाच गुंडाळला.

"धर रे बाबा, सोडू नकोस!"

दोर ताणला, अंगात रुतला. कातळ हलला नाही. जन्मात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी घट्ट धरलं होतं.