चित्रकार आणि गप्प बसलेलं बेट

खूप खूप वर्षांपूर्वी, राजे अजून शिडाच्या होडीने फिरत होते, त्या काळची ही गोष्ट. एका बेटावर एक चित्रकार राहत होता. हात मोठा गुणी, पण डोकं सदा तापलेलं!

आणि तापणार नाही तर काय? त्या बेटाची रीतच तशी होती. काम करणाऱ्या माणसाजवळून जाताना चार शब्द बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. मुकाट गेलं, तर तो त्याचा अपमान. चित्रकार किनाऱ्याच्या पुळणीवर, वाळूत रंग घेऊन बसला, की झालं सुरू!

"ओहोटीला हा खडक असा कोरडा नसतो रे बाबा," कालवं काढणारी आजी म्हणायची. "त्याला हिरवं शेवाळ असतं."

"खारा वारा सुटलाय ना? मग पाणी काळपट कर," होडी हाकणारा नाखवा म्हणायचा.

चित्रकार चरफडायचा, पण हिरवा रंग लावायचा. पाणी काळपट करायचा. आणि चित्र असं जिवंत व्हायचं, की बघणाऱ्याच्या ओठांवर मीठ यावं. वाहवा मात्र एकट्या चित्रकाराची!

एके दिवशी पलीकडच्या किनाऱ्यावरून राजाचा निरोप आला. "पौर्णिमेपर्यंत दरबारासाठी समुद्राचं चित्र काढा. आवडलं, तर तुम्ही राजचित्रकार." चित्रकाराने जन्मभर याचीच वाट पाहिली होती. त्याने सगळ्या बेटाला पुळणीवर बोलावलं आणि कोपरापासून हात जोडले.

"तुमच्या बडबडीने माझं डोकं उठलंय! हे चित्र दरबारात जाईपर्यंत त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. द्या शब्द!"

लोक हिरमुसले. पण ओंजळीत समुद्राचं पाणी घेऊन त्यांनी शब्द दिला. असा दिलेला शब्द त्या बेटावर कुणी कधी मोडत नसे.

मग काय ती शांतता! लोक यायचे, बघायचे, निघून जायचे. आजी तर तोंडावर पदर दाबून पळायची. "सुटलो बाबा एकदाचा!" चित्रकार म्हणायचा.

पौर्णिमेला दरबारात चित्रावरचं कापड दूर झालं. राजाच्या होडीचा म्हातारा तांडेल जवळ गेला आणि पोट धरून हसायला लागला. "महाराज, चित्रातल्या होडीचं शीड फुगलंय उजवीकडे आणि बावटा उडतोय डावीकडे! एका होडीला दोन वारे?" सगळा दरबार खो खो हसला. राजचित्रकाराचा मान दुसऱ्याच कुणाला मिळाला.

चित्रकार बेटावर परतला तो धुमसतच. "एवढी ढळढळीत चूक! तुमच्यापैकी एकालाही दिसली नाही?"

"दिसली की," आजी म्हणाली. "पहिल्याच दिवशी दिसली. जीव नुसता तडफडला माझा! पण बोलायचं कसं? शब्द कुणी मागितला होता रे?"

चित्रकाराने कपाळावर हात मारून घेतला. आता मारून काय उपयोग?

लहानांनो, थोरांनो, ज्यांच्या बोलण्यावर आपली कला पोसते, त्यांचंच तोंड कधी बंद करू नये.