गोमाजी आणि थंडीच्या वड्या

कुसरवाडीत गोमाजी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. किती भोळा? ‘जरा दार बघ रे’ म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत उभा. शेजारची शेळी त्याच्या डोळ्यांदेखत आत जायची, टोपलीतल्या भाकऱ्या खायची आणि बाहेर यायची. पण दार? दार गोमाजीने अगदी नीट बघितलेलं असायचं.

अशा माणसाला सरकारी दवाखान्यात काम लागलं. काम पेटी वाहायचं. पेटीत तान्ह्या पोरांची लस. डोंगरावरच्या वस्तीत अकरा पोरं त्या लसीची वाट बघत होती. दोन तासांची चढण, आणि वैशाख लागलेला.

दवाखाना मालन सिस्टर चालवायच्या. डॉक्टर होते, पण ते कायम मीटिंगला असत. सिस्टरने गोमाजीला समोर बसवलं आणि त्याच्या हातात एक प्लास्टिकची चपटी वीट दिली. आत मेणासारखं काहीतरी होतं.

“ही थंडीची वडी. लस तापली तर मरते, गोठली तरी मरते. बर्फात ठेवली तर गोठतेच. म्हणून ही वडी. ही पाच अंशांवर गोठते नि पाच अंशांवरच वितळते. लसीला तेवढंच मानवतं. चारी बाजूंनी वड्या, मधोमध लस. आणि झाकण उघडायचं नाही. कोणी का सांगेना! समजलं?”

“समजलं,” गोमाजी म्हणाला. विसरू नये म्हणून त्याने पंच्याला गाठ मारली.

पेटी वस्तीत पोचली. बाया पोरं घेऊन झाडाखाली बसल्या होत्या. मागोमाग सिस्टर धापा टाकत आल्या.

“उघड रे झाकण.”

“नाही.”

“अरे उघड!”

“कोणी सांगितलं तरी उघडायचं नाही.”

“मी सांगतेय ना?”

“तुम्ही कोणीच नाही का?” गोमाजीने विचारलं, आणि तो झाकणावर मांडी घालून बसला.

ऊन चढलं. पोरं रडली. बाया आपापल्या घरी गेल्या. सिस्टरने कपाळाला हात लावला.

“शहाण्या, बाया पोरं घेऊन जमलेल्या दिसल्या की झाकण उघडायचं! समजलं?”

“समजलं.” दुसरी गाठ.

पुढच्या आठवड्यात गोमाजी पेटी घेऊन निघाला. एसटीच्या थांब्यावर चार बाया पोरं घेऊन उभ्या होत्या. गोमाजीने पेटी खाली ठेवली. झाकण उघडलं. बाजूला अदबीने उभा राहिला. बायांनी पेटीत डोकावलं. एकीने विचारलं, “कुल्फी आहे का?” तेवढ्यात एसटी आली, बाया गेल्या. गोमाजीने झाकण लावलं. मग दुसऱ्या बाया आल्या. झाकण उघडलं. त्या दिवशी बाजार होता. वस्तीत पोचेपर्यंत दुपार टळली, आणि पेटी भाकरीसारखी कोमट झाली होती.

सिस्टरने वडी हलवून बघितली. आत खळखळ पाणी.

“गेली सगळी लस वाया! अरे, वडी वितळते म्हणजे काय होतं? बाहेरची उष्णता ती आपल्या पोटात घेते आणि लसीला झळ लागू देत नाही. वितळत असते तोवर तिचं काम चालू असतं. पुरती वितळली की खेळ संपला.”

गोमाजीने विचार केला. तो त्याला फारसा जमत नसे, त्यामुळे वेळ लागला.

“म्हणजे वितळतंय तोवर काम चालू?”

“हो रे बाबा.”

तिसरी गाठ.

त्यानंतर सिस्टरला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला जिल्ह्याला बोलावलं. ट्रेनिंगचा विषय होता फ्रीजची निगा. सिस्टर गेल्या आणि इकडे लाईट गेली. लसीच्या फ्रीजमधला बर्फ वितळायला लागला. पाणी फरशीवर आलं, फरशीवरून व्हरांड्यात, व्हरांड्यातून पायरीवर. गोमाजी स्टूल घेऊन शेजारी बसला. रोज सकाळी तो वहीत लिहायचा : ‘बर्फ वितळतो आहे. काम चालू आहे.’

चौथ्या दिवशी सिस्टर आल्या. त्यांनी फ्रीज उघडला. मग बंद केला. मग भिंतीला टेकून खाली बसल्या, त्या नेमक्या पाण्यात.

“अकरा पोरं आहेत तिथे, गोमाजी,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यांना काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू?”

गोमाजीला फार वाईट वाटलं. त्याचे डोळे भरून आले. “सिस्टर, आता काय करायचं ते सांगा. तसंच करतो.”

“नीट ऐक. काही तापायला लागलं ना, की बघत बसायचं नाही. कोणाला विचारायचं नाही. उचलायचं, वड्यांच्या मधोमध ठेवायचं, बंद करायचं आणि पुढच्या दवाखान्यात पोचवायचं. निवलं नसेल तर त्याच्या पुढच्या. समजलं?”

“समजलं!” चौथी गाठ. ही सगळ्यात घट्ट.

इकडे ती वही जिल्ह्याला गेली. तिथे रोजच्या नोंदीतलं शेवटचं वाक्य तेवढं वाचायची पद्धत होती. ‘काम चालू आहे, काम चालू आहे, काम चालू आहे.’ लाईट नसताना अखंड काम! साहेब खूश झाले. कुसरवाडीला प्रशस्तिपत्र मंजूर झालं, आणि एक नवी गाडीही. तिच्या भिंतींना आतून दारांएवढाल्या थंडीच्या वड्या बसवलेल्या. इंजिन बंद पडलं तरी दिवसभर गार.

गाडीच्या उद्घाटनाला साहेब स्वतः आले. मांडव घातला, हारतुरे झाले. फोटोसाठी टेबलावर लसीची पेटीही मांडली, नव्या लसीने भरलेली. मालन सिस्टर तिच्याकडे बघत उभ्या होत्या. भाषणं संपत नव्हती.

साहेब बोलायला उठले. विषय थंडीचा होता. दहाव्या मिनिटाला लाईट गेली. माईक बंद, पंखे बंद. साहेबांनी घाम पुसला. मग ते तहसीलच्या माणसावर ओरडले, मग मांडववाल्यावर, मग हाराच्या फुलांवर.

शिपाई घाईघाईने गोमाजीजवळ आला. “काहीतरी कर रे! साहेब तापायला लागलेत!”

गोमाजीने चौथी गाठ चाचपली. तो बघत बसला नाही. त्याने कोणाला विचारलं नाही.

“साहेब, गाडी आतून बघून घ्या.”

आतून गार झुळूक आली. साहेब सुखावले, खांद्यावरच्या सत्काराच्या शालीसकट आत शिरले. गोमाजीने त्यांना बरोबर मधोमध उभं केलं. दार लावलं, कडी घातली आणि पुढे जाऊन बसला.

“चला इसाकभाई. पुढचा दवाखाना.”

इसाकभाई ड्रायव्हरला वाटलं, कार्यक्रमातच असेल. त्यांनी गाडी काढली.

मांडवात एकच गडबड उडाली. साहेब कुठे? जो तो साहेबांना शोधायला धावला. मालन सिस्टरने इकडेतिकडे बघितलं, टेबलावरची पेटी उचलली आणि डोंगराची वाट धरली. दुपारच्या आत अकराच्या अकरा पोरांना लस मिळाली.

गाडी घाटाला लागली. मागून धाडधाड आवाज येत होता.

“आत काय वाजतंय?” इसाकभाईंनी विचारलं.

“वड्या. काम चालू आहे.”

पुढच्या दवाखान्याच्या दारात गाडी थांबली. तिथले डॉक्टर बाहेर आले. गोमाजीने अभिमानाने कडी काढली.

आत साहेब उकिडवे बसले होते. शाल डोक्यावरून घेतलेली, मिशा ताठ, दात कडाकडा वाजत होते. डॉक्टरांच्या तोंडून शब्द फुटेना. साहेबांच्या तोंडून मात्र फुटला. एक नाही, शंभर. गोमाजीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ते दाराकडे झेपावले.

गोमाजीने शांतपणे ऐकून घेतलं.

“अजून तापलेलेच आहेत,” तो डॉक्टरांना म्हणाला. त्याने दार लावलं, कडी घातली आणि इसाकभाईंना हाक दिली, “चला, याच्या पुढचा दवाखाना!”