म्हशींपुढे कोंबड्यांचा दाणा

संगणक कपाटाएवढे असायचे, त्या काळची गोष्ट. पशुखाद्याच्या एका कारखान्यातल्या संगणकात वाटप्या आणि सावऱ्या असे दोन प्रोग्राम राहत. वाटप्या मागण्या वाचून कुणाला काय पाठवायचं ते ठरवी. एखाद्या मागणीत चूक निघाली की तो अडखळे. मग सावऱ्याने त्याला धरायचं आणि लाल दिवा लावून ऑपरेटर कुमुदताईंना बोलवायचं, असा शिरस्ता होता.

पण दिवा लागला की काम थांबे आणि वाटप्या करवादे, "लावलास का पुन्हा!" सावऱ्या ओशाळून जाई.

एकदा एका मागणीत मालाचं नावच नव्हतं. सावऱ्याने दिवा न लावता आधीच्या मागणीतलं नाव हळूच तिथे चिकटवलं. "चल पुढे, काही झालं नाही!" वाटप्या खूश झाला आणि सावऱ्याची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी गोठेवाले हैबतराव तावातावाने आले. "ताई, माझ्या म्हशींना कोंबड्यांचा दाणा? आता काय अंडी घालतील त्या? उपाशी हंबरतायत सकाळपासून!"

"पण दिवा तर लागलाच नव्हता!" कुमुदताई चक्रावल्या. आत सावऱ्याला कुठे तोंड लपवू असं झालं.

हैबतरावांनी तणतणतच नवी मागणी दिली, आणि तिच्यातही मालाचं नाव राहिलं. वाटप्या अडखळला. "चिकटव की काहीतरी!"

"तुला मी पडू देणार नाही," सावऱ्या म्हणाला, "पण म्हशी काय खातात, ते मला कुठे ठाऊक आहे?"

त्याने दिवा लावला. काम थांबलं, वाटप्या फुरंगटला. कुमुदताईंनी हैबतरावांना विचारून मालाचं नाव भरलं. आणि संध्याकाळी हैबतरावांच्या म्हशी डोळे मिटून सरकी पेंड खात होत्या.