भिवाचं आळं

पांढरखडकच्या शाळेमागे सीताफळांची बाग आहे. पोरं तिथे शिरतात ती दोन्ही हात पाठीमागे बांधून. पाणी घालण्यापुरते हात सुटतात, तांब्या रिकामा झाला की पुन्हा मागे. कडेच्या एका आळ्यात झाड नाही, नुसती माती. तरी पहिला तांब्या त्याच आळ्यात. नवं पोर शाळेत घालायला आलेले आईबाप हे बघून गोंधळतात. मग शाळेत खिचडी शिजवणाऱ्या म्हाताऱ्या अनसाबाई पदराला हात पुसत बाहेर येतात आणि सांगतात.

फार मागे, म्हणे, या माळावर कुसळांखेरीज काही उगवत नव्हतं. केरबा मास्तरांनी इथे शाळा काढली आणि पाटीच्याही आधी पोरांच्या हातात सीताफळाचं बी ठेवलं. खातो ते येतं कसं, हे आधी कळू दे, म्हणाले. ज्याचं आळं त्यानं करायचं, बी त्यानंच पुरायचं.

त्या पोरांत गिरजेचा भिवा होता. तिची आधीची लेकरं पाळण्यातच गेलेली. हा एवढा राहिला, तोही किरकिरा. तो झोपला की ती नाकापुढे बोट धरून श्वास बघायची, बोट लागून तो जागा झाला की स्वतःलाच बोल लावायची. तिनं डोंगरावरच्या खडकाईला नवस केला: भिवाचं झाड वाढेल तसा भिवा वाढू दे, त्याला फळ धरेपर्यंत सगळ्या पोरांच्या आळ्यांना मी झऱ्यावरून पाणी आणीन.

बायका हसायच्या. "गिरजे, आमची झाडं पण तूच वाढव, आम्ही जरा आडव्या होतो." गिरजाही हसायची. पाणी मात्र कधी चुकलं नाही.

चुकलं ते दुसरंच. सीताफळाचं बी मोठं आळशी. दिवसांवर दिवस गेले तरी वर काही दिसेना. गिरजा पाणी घालून झालं की भिवाच्या आळ्यातली माती बोटानं हलकेच उकरायची, बी आहे ना बघायची, परत झाकायची. एवढ्यानं काय होतंय, असं आपलं आपल्यालाच समजावायची. एका सकाळी बियाला पांढरा मोड दिसला. हरखून तिनं ते तळहातावर घेतलं, आणि मोड तुटला.

तिनं गुपचूप दुसरं बी पुरलं. त्याचंही तेच झालं. इतरांची रोपं वर आली.

"आये, माझंच का येत नाही?"

"येईल रे. तुझ्यासारखंच आहे ते, जरा हळू."

मास्तरांना तिच्या नखांतली माती दिसली. "गिरजाबाई, रोज बघता का?"

"न बघता कसं राहू, मास्तर? आत काय चाललंय ते कळायला नको?"

मास्तर रागावले नाहीत, असं सांगतात.

उन्हाळ्याच्या तोंडी भिवाला ताप भरला. गिरजेनं त्याला शेजारणीच्या हवाली केलं, आळ्यात पुन्हा एक बी पुरलं आणि दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून समोर बसली. या खेपेला उकरायचं नाही. शेजारीण धावत आली. "अगं, तुला विचारतोय तो. चल." गिरजा उठली नाही. "मी बघितलं की तुटतं," एवढंच म्हणाली.

भिवा गेला तेव्हा ती तिथेच बसलेली होती. ते बीही कधी वर आलं नाही.

पुढे बाकीच्या झाडांना फळं लागली. नवस मात्र भिवाच्या झाडाला फळ धरेपर्यंतचा होता, म्हणून तो फिटलाच नाही. केस पांढरे झाले तरी गिरजा झऱ्यावरून घागर आणत राहिली, पाणी घालून झालं की हात पाठीशी घट्ट धरायची. माळावर बाग उभी राहिली ती त्या पाण्यावर. तिनं त्यातलं एकही फळ तोंडात घातलं नाही, म्हणे. ती गेल्यावर पाण्याचं काम पोरांकडे आलं. हात कसे धरायचे तेही तिचंच पाहून ठेवलेलं.

अनसाबाई इथे थांबतात. एखादी आई हमखास विचारते, मग नेमकं करायचं तरी काय, बघायचं की नाही बघायचं? अनसाबाई म्हणतात, "मला कळलं असतं तर माझी तरी सगळी लेकरं जगली असती." आणि चुलीकडे वळतात.

आजही दरवर्षी शाळा भिवाच्या आळ्यात एक बी पुरते. आजही ते उगवत नाही, आणि आजही अधूनमधून तिथली माती उकरलेली सापडते. पोरं गळ्याची शपथ घेऊन सांगतात की आम्ही नाही. आयांना कुणी विचारत नाही.