पैलवान आणि पाच सागरगोटे

फार जुनी गोष्ट. एका गावात एक पैलवान राहायचा. त्याच्याशी कुस्ती ठरली की भल्याभल्यांना घाम फुटायचा. पण एका कुस्तीत त्याचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड जुळलं. कामट्या सोडल्या, तर बोटं आखडलेली.

"रोज मूठ उघड-मीट करायची," हाडवैद्य म्हणाला. "अमावास्येपर्यंत बोटं सुटली नाहीत, तर हात जन्माचा लाकूड होईल."

पण दुखायचं फार. पैलवान जेमतेम दोनदा मूठ उघडायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. म्हातारी आत्या त्याला भाकरी कुस्करून द्यायची. डाव्या हाताने ती खाताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चंद्र रोज बारीक होत होता आणि बोटं होती तशीच होती.

शेवटी हाडवैद्याने पाच सागरगोटे त्याच्यापुढे टाकले. "व्यायाम राहू दे. आत्याबरोबर खेळ."

"हा पोरींचा खेळ मी खेळू?"

"हरायची भीती वाटत असेल तर राहू दे रे बाळा," आत्या म्हणाली.

हे मात्र बोचलं. दाराला कडी घालून तो खेळायला बसला. आत्या डावावर डाव जिंकायची आणि वर चिडवायची. तो इरेला पेटून पुन्हा गोटा उडवायचा. हात ठणकायचा, पण "आणखी एक डाव" म्हणताना त्याला ते आठवायचंही नाही. बोटं हळूहळू हलू लागली. तळवा मात्र अजून पुरता उघडत नव्हता.

अमावास्या उजाडली. आत्या कडी घालायला विसरली आणि ऐन डावात दार ढकलून कुणीतरी आत आलं. ज्याच्याशी कुस्ती खेळताना मनगट मोडलं, तोच पैलवान दारात उभा होता.

आता गावभर हसू होणार. गोटे मांडीखाली सारायला पैलवानाचा हात धावला आणि मध्येच थांबला. आजचा दिवस गेला, तर हात गेला. कुणाकडेही न बघता त्याने गोटा उडवला, खालचे चारही वेचले आणि तळवा पसरला. गोटा अलगद तळव्यात येऊन पडला.

पाहुणा हसला नाही. त्याने आपला डावा हात पुढे केला. दोन बोटं कायमची वाकलेली होती. "मोडली तेव्हा मी लाजेने स्वतःला कोंडून घेतलं होतं," तो म्हणाला. "आत्या, मला एक डाव द्याल?"

"बस," आत्या म्हणाली. "पण रडीचा डाव चालायचा नाही."

त्या संध्याकाळी पैलवानाने भाकरी स्वतःच्या हाताने मोडली आणि पहिला घास आत्याला दिला.

तात्पर्य: औषधाने हाड जुळतं, पण माणूस पुन्हा उभा राहतो तो हसण्या-खेळण्याने. त्या खेळण्याची लाज धरली, तर बरं होणंच राहून जातं.